सतराव्या पाऱ्याचं शेवटचं पान

आमच्या आपा हजला निघाल्या त्या हिवाळ्यात मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून निम्मं नाशिक पालथं घातलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. डी.एड. होऊन नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत घरात सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली. आपा साठीच्या. बुरख्याचा घोळ एका हाताने आवळून आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा गच्च धरून त्या पहिल्यांदा गाडीवर बसल्या, तेव्हा गाडी सुरू व्हायच्या आधीच त्यांनी प्रवासाची दुआ दोनदा म्हटली. मी म्हटलं, "आपा, अजून स्टँडसुद्धा काढलेला नाही."

त्या म्हणाल्या, "म्हणूनच. एकदा निघालीस की तू मला म्हणायला वेळ देशील असं वाटत नाही."

आपा म्हणजे थोरली बहीण. पण जुन्या नाशकातल्या आमच्या चढावरच्या गल्लीत आपा म्हटलं की एकच. लग्न होऊन मालेगावकडून आल्या आणि विशीतच घराच्या पुढच्या खोलीत मुलींना अरबी शिकवू लागल्या. माझ्या लहानपणी, म्हणजे नव्वद सालानंतर, शाळा सुटली की आम्ही पंधरा-वीस मुली हातपाय-तोंड रीतीने धुऊन, वझू करून, डोक्याला ओढणी घट्ट बांधून तिथे जमायचो. आमच्या पवित्र ग्रंथाचे तीस भाग असतात. एकेका भागाला पारा म्हणतात. आपांकडे हे तीस पारे वेगवेगळ्या पातळ पुस्तकांत होते. लाकडी घडीच्या रेहालवर पारा उघडा ठेवायचा, ओळीखालून बोट फिरवायचं, मोठ्याने वाचायचं आणि वाचता वाचता पुढेमागे डुलायचं. वीस मुली वीस ठिकाणी वाचत असत. बाहेरच्याला तो नुसता कल्ला वाटे. आपा मात्र खाली मान घालून सुपारी कातरत असत आणि मधेच म्हणत, "कोपऱ्यातली, परत एकदा." आणि कोपऱ्यातलीने खरंच चूक केलेली असे!

हे त्यांना कसं जमतं याचं मला भयंकर आश्चर्य वाटे. मी मुद्दाम दोन-तीनदा चूक करून बघितली. तिन्ही वेळा पकडली गेले.

माझा भाऊ जिथे शिकायला जायचा तिथे छडी होती. तो पाठ चोळत घरी यायचा. आपांकडे छडी नव्हती, फक्त "परत एकदा" होतं. पाच वेळा, दहा वेळा, पण आवाज तोच. पुढच्या ओळीवर गेलीच पाहिजे अशी घाई नव्हती आणि मागे राहिलीस म्हणून टोमणाही नव्हता. खोलीत कोणी आलं की आपाच आधी सलाम करत, सहा वर्षांच्या पोरीलासुद्धा. मोठ्यांनी आधी सलाम केला की लहान माणूस किती ताठ चालायला लागतं! आम्ही सगळ्या त्या खोलीत छाती पुढे काढूनच शिरायचो.

एकदा मी विचारलं, "आपा, मासे नमाज पढतात का?" मुली हसल्या. आपांनी अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही. विचारून सांगते." तिसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर विचारून आणलं, की प्रत्येक जीव आपापल्या परीने त्याचं नाव घेतो, माशाची परी आपल्याला कळत नाही, इतकंच. मला उत्तराचं काही वाटलं नाही. त्या विचारायला गेल्या, माझ्यासाठी गेल्या, या आनंदात मी रात्री जेवले नाही.

तर अशा आपांची मी लाडकी होते. पाठांतर चोख, आवाज खणखणीत आणि अंगात मस्ती भरपूर. ग्रंथात चौदा जागा अशा आहेत की वाचत वाचत तिथे आलं की थांबून जमिनीला कपाळ टेकायचं, सजदा करायचा. मला चौदाही जागा तोंडपाठ होत्या आणि हे सगळ्या जगाला कळावं अशी माझी फार इच्छा असे.

आमच्या पलीकडच्या आळीत कोकणी मुसलमानांची घरं आहेत. पिढ्यान् पिढ्या नाशकात राहिलेली माणसं. त्यांच्या आणि आमच्या रीतींत थोडाथोडा फरक आहे, कारण रीती घालून देणारे जुने इमाम त्यांचे वेगळे, आमचे वेगळे. त्यांची दुपारनंतरची अजान आमच्या आधी होते, हे पोराटोरांनाही ठाऊक. भांडण काही नाही, दोन्ही रीती बरोबर. त्या घरांतल्या सात-आठ मुली वेगवेगळ्या काळात आपांकडे शिकून गेल्या. त्यातली एक माझ्याच वयाची. सोळा पारे तिला तिच्या नानीने घरी शिकवले होते. नानीची नजर गेली म्हणून सतराव्यापासून ती आपांकडे यायला लागली. अंगाने बारीक, बोलणं जवळजवळ नाहीच. माझ्याशेजारी बसायची, आणि माझ्या आवाजात तिचा आवाज बुडून जायचा.

एका दुपारी ती सतराव्या पाऱ्याच्या शेवटच्या पानावर होती. पारा संपायला दोन-तीन ओळी उरल्या असतील. एकाएकी तिने रेहाल बाजूला सरकवलं, पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड केलं आणि जमिनीला कपाळ टेकलं.

सगळा कल्ला बंद पडला. आपांनी वर बघितलं. वाचायचा कंटाळा आला की काही मुली नसते खेळ करत, त्यातलंच हे आहे असं त्यांना वाटलं असावं. त्या उठल्या, दोन पावलांत तिथे पोचल्या आणि त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं. कपाळ जमिनीवर असताना उठवलं.

"इथे सजदा नाही. कोणी शिकवलं तुला हे?"

"नानीनं," ती म्हणाली.

"नानीची चूक झाली असेल. इथे नाही." आणि मग आपा माझ्याकडे वळल्या. "तू सांग गं."

मी तर टपूनच बसले होते! उभी राहिले, उजव्या हाताची बोटं पसरली आणि एकेक पेर मोजत चौदाही जागा धडाधड सांगितल्या. सतराव्या पाऱ्याशी आल्यावर ते बोट तिच्या नाकासमोर नेलं आणि म्हटलं, "यात एकच आहे, आणि तो मागेच होऊन गेला!" सगळा वर्ग हसला. मला ते हसू अजून ऐकू येतं. तेव्हा मला ते टाळ्यांसारखं वाटलं होतं.

ती मुलगी खाली बसली आणि उरलेल्या ओळी वाचून तिने पारा मिटला. पुढे थोडे दिवस आली, मग यायची बंद झाली. मी तिला साफ विसरून गेले. दहा वर्षांच्या पोरीला विसरायला कितीसा वेळ लागतो!

आता पुन्हा त्या हिवाळ्यात येते. आपांचा हजचा नंबर लागला तेव्हा सगळी गल्ली नाचायची बाकी होती. त्यांच्याकडे शिकलेल्या बायका आपापल्या लेकी घेऊन यायच्या, कोणी सुकामेवा आणे, कोणी जाड मोजे. आमच्यात हजला निघायच्या आधी माणूस ओळखीच्या सगळ्यांकडे जातं आणि म्हणतं, माझ्याकडून काही बोललं-चाललं असेल तर माफ करा. परत येणं आपल्या हातात नसतं, म्हणून पाटी कोरी करून निघायचं. बहुतेक लोक हे हसतखेळत उरकतात. समोरचा म्हणतो, अहो कसली माफी, आमच्यासाठी दुआ करा. आणि चहा होतो.

निघायला दहा दिवस होते तेव्हा आपांनी तीसही पारे एका पिशवीत घालून माझ्याकडे दिले. "तू आता मास्तरीण होणार. यांना नवी कव्हरं घाल. मी नसताना मुलींची खोटी व्हायला नको."

मी त्या कामावर तुटून पडले. पारे फार जुने होते. पानं कडेला फाटली की आपा कणकेची खळ करून खाकी कागदाच्या पट्ट्या डकवत. शेवटची पानं सगळ्यात जास्त हाताळली जातात, म्हणून तिथे पट्ट्याही जास्त. सतराव्या पाऱ्याच्या शेवटच्या पानावरची पट्टी वाळून सुटली होती. मी ती हलकेच ओढली, तर अख्खी हातात आली. खाली समासात बारीक अक्षरांत एक टीप छापलेली होती. इथे सजदा आहे, त्या दुसऱ्या इमामांच्या मताने.

मी टुणकन उठले. आधी मला फक्त शोध लागल्याचा आनंद झाला, खरं सांगते. पारा छातीशी धरून, पायात चपला आहेत का नाहीत ते न बघता मी गल्लीतून पळत सुटले. "आपा! आपा! हे बघा काय सापडलं!" आणि त्यांच्या दाराशी पोचेपर्यंत मला ती बारीक मुलगी आठवली. जमिनीवरचं तिचं कपाळ आठवलं, माझं बोट आठवलं. दारात मी नुसता पारा पुढे केला.

आपांनी पान खिडकीजवळ नेलं. पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मी म्हटलं, "तुमची काय चूक, आपा? वर पट्टी होती. दिसणार कसं?"

फडताळातून त्यांनी स्वतःची मोठी प्रत काढली, जी त्या रोज पहाटे वाचत. तेच पान उघडलं आणि समासावर बोट ठेवलं. तिथेही तीच टीप होती, कोरी करकरीत, पट्टीबिट्टी काही नाही.

"इथंही आहे," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं वाचतेय मी हे पान."

तरी खात्री करायला त्यांनी मला कोकणी आळीतल्या मशिदीच्या इमामसाहेबांकडे पिटाळलं. म्हातारबुवा दाराशी ऊन खात बसले होते. माझा प्रश्न ऐकून खो खो हसले. "आहे की! तुमचे चौदा, आमचेही चौदा. एक जागा तुमच्याकडे जास्त, एक आमच्याकडे. हिशेब बरोब्बर. आणि हे बघ बेटा, तो सजदा राहिला तरी आमच्यात गुन्हा नाही. आपांना म्हणावं, बिनघोर हजला जा."

मी वाऱ्यासारखी परत आले. "गुन्हा नाही, आपा! इमामसाहेब म्हणाले, बिनघोर जा!"

"गुन्हा नाही, म्हणजे तिचा नाही," आपा म्हणाल्या. "मी एका लेकराला सजद्यातून ओढून उठवलंय. देवाचं काही राहिलं तर देव माफ करेल, तो त्याचा प्रश्न. माणसाला दुखावलं तर ते त्या माणसानेच माफ करायला लागतं. त्यात देवसुद्धा मधे पडत नाही. ती मुलगी कुठे असते?"

मला माहीत नव्हतं. मग आपांनी कागद घेतला आणि आजवर शिकवलेल्या कोकणी घरांतल्या मुली आठवून लिहून काढल्या. "या सगळ्यांना मी हेच शिकवलं असणार. सगळ्यांकडे जायचं. कोणालातरी तिचा पत्ता असेल."

असा आमचा स्कूटीदौरा सुरू झाला! सकाळी दहाला निघायचं, दुपारच्या नमाजाला परत. खड्डा आला की आपा "या अल्ला" म्हणत आणि गतिरोधक आला की माझं नाव घेत. मला काय मजा येत होती सांगू! भीती होती, नाही असं नाही, पण सत्ताविसाव्या वर्षी भीती आणि मजा एकाच डब्यात मावतात. रोज नवी घरं, नवे जिने, आपांना बघून दारात किंचाळणाऱ्या बायका.

पहिलं घर गंगापूर रोडला, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बँकेत नोकरी करणारी ती बाई दार उघडून आपांच्या गळ्यातच पडली. पाणी प्यायच्या आधी आपांनी पारा उघडला, टीप दाखवली आणि म्हणाल्या, "मी तुला चुकीचं शिकवलं. तुमच्या रीतीने इथे सजदा आहे. मला माफ कर."

ती बाई आधी गोंधळली, मग हसायलाच लागली. "अहो आपा, आम्हाला माहीत होतं की! आम्ही घरी करायचो. तुमच्यासमोर नाही करायचो, इतकंच."

"मला सांगितलं का नाहीस?"

"भीती वाटायची."

"माझी?" आपा म्हणाल्या. "मी कधी कोणाला मारलं?"

"नाही हो, मारलं नाही कधीच. पण त्या एकीला तुम्ही उठवलं होतं ना सगळ्यांसमोर. आणि सगळे हसले होते. ते घरोघरी कळलं होतं. पुढे ज्या ज्या मुली तुमच्याकडे यायच्या त्यांना आया सांगून पाठवायच्या, सतराव्या पाऱ्याच्या शेवटी गपचूप पुढे जा."

उतरताना प्रत्येक मजल्यावर आपा थांबल्या. दम लागला म्हणून थांबल्या असं मी समजत होते. खाली आल्यावर म्हणाल्या, "माझ्याकडे छडी नाही याचा मला केवढा अभिमान होता." मी किल्ली शोधायचं निमित्त करून पर्समध्ये तोंड घातलं, कारण सगळे हसले होते ते कोणामुळे, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

पुढच्या सगळ्या घरांत हेच झालं. सगळ्या घरी सजदा करत आल्या होत्या आणि सगळ्यांनी आपांपासून ते लपवलं होतं. एकीने तर पोटभर जेवू घातलं आणि म्हणाली, तुम्ही सोडून बाकी सगळं तुमचं बरोबर होतं. या वाक्याचा अर्थ आम्हाला दोघींनाही लागला नाही, पण हसू फार आलं. माफी सगळ्यांनी दिली. त्या मुलीचा पत्ता कोणाकडे नव्हता. शेवटी शेवटच्या घरी एक म्हातारी म्हणाली, "ती? तिला देवळा गावात दिली होती. आता तिच्या नवऱ्याने वणीला बांगड्यांचं दुकान टाकलंय, बाजारपेठेतच."

मुंबईला निघायला दोन दिवस राहिले होते. आपांच्या मुलाने डोक्यावर हात मारला. सामान बांधायचं आहे, घरात पाहुणे येतायत आणि तुम्ही वणीला? आपा म्हणाल्या, "सामान तू बांध. हे मलाच उचलायला लागणार आहे."

सकाळी सीबीएसवरून एसटी पकडली. थंडी अशी की खिडकीच्या काचेला बोट लावावंसं वाटत नव्हतं. दिंडोरीच्या पुढे दोन्हीकडे द्राक्षबागा धुक्यात उभ्या होत्या. आपा ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होत्या. मी मात्र मनातल्या मनात एकच धावा करत होते, की आपांना त्या दिवशीची माझी बोटं आठवू नयेत. आणि दुसरीकडे वाटत होतं, आता सांगून टाकावं. शेवटी वणी फाट्याच्या अलीकडे मी म्हटलं, "आपा, तेव्हा सगळे हसले ना, ते माझ्यामुळे."

"माहीत आहे," आपा म्हणाल्या. "तुला सांग म्हणाले ती मीच. पण मोजलंस ते तू. तुझं तू बघ." आणि परत पुटपुटायला लागल्या. मला दिलासा हवा होता, तो काही मिळाला नाही.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. देवीच्या गडावर जाणाऱ्या बायका तिथे थांबत असाव्यात. दारात हिरव्या-लाल बांगड्यांच्या माळा लोंबत होत्या, आत खोक्यांच्या भिंती. ती खाली गादीवर बसून एका शेतकरी बाईच्या हातात बांगड्या चढवत होती. "हात सैल सोडा मावशी, सैल, हां." आता अंगाने चांगली भरली होती, पण मी तिला लगेच ओळखलं. बोलताना मान अजूनही खालीच.

आपांनी नेहमीसारखा आधी सलाम केला. तिने वर बघितलं, आणि हातातली बांगडी तशीच राहिली.

"आपा?"

गिऱ्हाईक गेल्यावर तिने आम्हाला आत बसवलं, चहा सांगितला. आपांना चहापर्यंत धीर नव्हता. पारा उघडला, टीप दाखवली आणि एका दमात सगळं बोलल्या. मी तुला सजद्यातून उठवलं, सगळ्यांसमोर उठवलं, तू बरोबर होतीस, मी चूक होते, तू रागावून गेलीस ते बरोबरच होतं, मला माफ कर.

ती भांबावली. "रागावून? मी कुठं रागावले आपा? नानी वारली ना त्याच महिन्यात. घरात आईच्या हाताखाली कोणी नव्हतं, म्हणून येणं सुटलं माझं."

"आणि तो सजदा?"

"मी नाय केला परत कधी," ती अगदी सरळ म्हणाली. "घरी जाऊन नानीला सांगितलं होतं, आपा म्हणतात इथं नाय. नानी म्हणाली, उस्तानी सांगती तसंच करायचं. तिच्याकडं शिकायला घातलंय ना तुला? नानी स्वतः करायची हां, शेवटपर्यंत करायची. पण मला म्हणायची, तू नको." मग थोडं थांबून म्हणाली, "माझी पोरगीपण नाय करत. मीच शिकवलं तिला. सासरी सगळी करतात, पण मी सांगितलं, आमच्या आपा लय हुशार होत्या, त्या नाय म्हणाल्या."

सगळ्या मुलींनी आपांचं ऐकल्यासारखं केलं होतं, आणि जिला उठवलं तिने एकटीने खरोखर ऐकलं होतं. आपा रागाची तयारी करून आल्या होत्या. आठवडाभर त्या रागाला सामोरं जायची तयारी करत होत्या. या गोष्टीची त्यांची काहीच तयारी नव्हती. त्यांनी तोंडावर पदर धरावा तसा बुरख्याचा काठ धरला आणि म्हणाल्या, "तू रागावली असतीस तर बरं झालं असतं गं."

चहा आला, निवत राहिला. मग आपांनी डोळे पुसले, पारा तिच्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाल्या, "वझू कर. शेवटचं पान वाच. मी ऐकते."

तिने मागच्या माठातल्या पाण्याने वझू केला, ओढणी कपाळापर्यंत ओढली आणि वाचायला लागली. आवाज तोच होता, बारीक. मी पहिल्यांदाच तो नीट ऐकत होते, कारण या वेळी मी गप्प होते. किती स्वच्छ वाचत होती! आपांना एकदाही "परत एकदा" म्हणायची वेळ आली नाही. त्या ओळीशी ती आली, ओळ संपवली आणि थांबली. पुढे गेली नाही आणि वाकलीही नाही. मान वर करून तिने आपांकडे बघितलं. तीस-बत्तीस खोक्यांच्या मधे बसलेली ती बाई त्या क्षणी दहा वर्षांची होती.

आपांनी विचारलं, "कोणी शिकवलं होतं तुला हे?"

शब्द तेच होते. पण या वेळी आपा उत्तराची वाट बघत होत्या.

"नानीनं," ती म्हणाली.

"मग नानी करायची तसं कर."

तिने पश्चिमेकडची खोकी बाजूला सरकवली. चिंचोळी जागा झाली, एका माणसापुरती. तिथे तिने कपाळ टेकलं. तेवढ्यात दारात दोन बायका आल्या, "अहो ताई, हिरव्या दाखवा." आपा गुडघ्यांना हात देत उठल्या आणि दोन्ही हात पसरून दारात उभ्या राहिल्या. बुरख्यामुळे अख्खं दार झाकलं गेलं. "थांबा जरा," आपा म्हणाल्या, "आत कोणाला उठवायचं नाही." त्या बायका बिचाऱ्या निमूट थांबल्या. तो सजदा लांबला, चांगला लांबला. कोणीही तिला उठवलं नाही. ती आपली आपण उठली. आपांनी तोवर हात खाली घेतले नव्हते.

मी रडत होते, आणि इतकी खूश होते की मला नाचावंसं वाटत होतं. तिने डोळे पुसले, आपांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "माफ केलं आपा. जा तुम्ही आता." मग माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं तिने मला ओळखलंच नाही.

"तू मोजलं होतंस ना? बोटांवर?"

"हो," मी म्हटलं. आणि मग ओढणीच्या टोकाशी चाळा करत, खालच्या आवाजात, पटकन उरकून टाकावं तसं म्हटलं, "माफ कर हं."

दारातून आपांचा आवाज आला. "परत एकदा."

मी मान वर केली. तिच्या डोळ्यांत बघून, माझा खणखणीत आवाज जेवढा उरला होता तेवढ्यात, म्हटलं, "मी तुझं हसं केलं. सगळ्यांना तुझ्यावर हसवलं. मला माफ कर."

ती गादीवर बसली, मला समोर बसवलं आणि माझा उजवा हात ओढून घेतला. बोटं एकत्र दाबून तिने पहिली हिरवी बांगडी पेरांवर आणली. माझा हात लाकडासारखा ताठ झाला होता.

"सैल सोड," ती म्हणाली. "तेव्हापण असाच धरला होतास."

मी हात सोडला, आणि बांगडी सरकन आत गेली.